हिंजवडीत नोकरी लागली? घर ठरवण्याआधी एवढं बघा

अभिनंदन! आधी ऑफिस पुण्याच्या या आयटी पार्कच्या फेज १, २ की ३ मध्ये आहे ते विचारून घ्या. फेज ३ साठी वाकड नकाशावर जवळ वाटतं, पण सकाळी नऊची कोंडी सगळं गणित बिघडवते. म्हणून फ्लॅट बघायला रविवारी दुपारी नको, कामाच्या दिवशी ऑफिसच्याच वेळेला जा आणि तिथून गेटपर्यंत एकदा खरंच जाऊन बघा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- पाणी. पुनावळे, मारुंजीकडे बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. एजंटला नाही, वॉचमनला विचारा.
- भाड्यात मेंटेनन्स धरलाय का?
- ११ महिन्यांचा करार नोंदणीकृतच हवा.

पहिला महिना सरळ पीजीत काढा. डिपॉझिटची घाई अजिबात करू नका.