शब्दांची विचारपूस

प्रश्न : मुलीने निबंधात ‘निवडणुकीत दोन शत्रू समोरासमोर उभे होते’ असे लिहिले. बाईंनी ‘शत्रू’ खोडून ‘प्रतिस्पर्धी’ केले. एवढा फरक असतो का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : असतो, आणि बाईंचंच बरोबर आहे. प्रतिस्पर्ध्याला तीच खुर्ची हवी असते जी तुम्हाला हवी आहे; शत्रूला तुमचं वाटोळं हवं असतं. आखाड्यात आधी हात मिळवून मग भिडतात ते दोघे प्रतिस्पर्धी. विरोधकाचं भांडण तुमच्या म्हणण्याशी. म्हणून विधानसभेत ‘विरोधी पक्षनेता’ हे रीतसर पद आहे. ‘शत्रुपक्षनेता’ म्हणून बघा बरं!

मला खरी गंमत वाटते ती ‘वैरी’ची. शत्रू सरहद्दीपलीकडचा, कधी तोंडही न पाहिलेला असू शकतो. वैरी मात्र बहुधा ओळखीचा, पुष्कळदा भाऊबंदांतलाच. बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली, की दावा धरला जातो आणि पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. मग तो ‘हाडवैरी’. ‘हाडशत्रू’ मी तरी ऐकलेला नाही. ‘रात्र वैऱ्याची आहे’ या इशाऱ्यातही ‘शत्रू’ घातला की धार जाते.

‘गनीम’ अरबी-फारसीतून आला. मुघल मराठ्यांना गनीम म्हणत, आपल्या बखरींत मुघल गनीम! आता तो ‘गनिमी काव्या’पुरता उरलाय.

राहता राहिला ‘हितशत्रू’. तोंडावर गोड, मागे खोड. निवडणुकीत असलेच जास्त भेटतात, पण ते उमेदवारासमोर नाही, शेजारी उभे असतात.