मुलगा म्हणतो, तंबोऱ्याच्या दुकानातच बसतो

प्रश्न : माझे सासरे आणि मिस्टर दोघंही मिरजेत सतार-तंबोरे बनवत आले. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे आणि पुढे शिकायचं सोडून दुकानातच बसतो म्हणतो. मिस्टर म्हणतात, मोबाईलवर तंबोरा फुकट वाजतो, आता यात काय राहिलंय? मी कुणाचं ऐकू?
– एक आई, मिरज

ताई, नमस्कार.

तुमच्या मिस्टरांची भीती खरी आहे. जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या इंजिनिअरनं १९७९ साली बंगळुरूत सतत आधारसूर देणारी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी काढली, मागोमाग इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता ॲप आहे. घरच्या रियाजापुरता तंबोरा घेणारं गिऱ्हाईक त्यात गेलं. ते परत येणार नाही असं धरूनच हिशेब मांडा.

पण वाद्यांचं नशीब एकाच दिशेनं जात नाही. हार्मोनियमचंच बघा. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं रेडिओवर शिरकाव नाही, तरी आपल्या नाट्यसंगीतातून आणि गावोगावच्या भजनी मंडळांतून पेटी हलली नाही, कारण तिथं तिची गरज होती. तंबोऱ्याची गरज कुठं उरलीय, हे तुमच्या मुलानं शोधायचं आहे.

मला ती जवारीत दिसते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवण्याच्या कामात. माझ्या बहिणीचा तंबोरा तिच्या लग्नातला. दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज बसला, तारा बदलल्या तरी खुलेना. मिरजेच्या एका कारागिरानं घोडी काढली, कानशीनं दोन हात मारले, परत बसवली, तार छेडली, मान हलवली, पुन्हा काढली. असं तासभर. कानस किती फिरली ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला आणि खोली भरून गेली. बहीण रडायलाच लागली. घोडी वाजून वाजून झिजते, म्हणजे हे काम पुन्हा पुन्हा निघतं. जिथं जिथं खरा तंबोरा आहे, पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, परदेशातल्या आपल्या लोकांकडे, तिथं हा हात लागतो आणि तो सहज मिळत नाही.

म्हणून माझं मत : मुलाला बसू द्या, पण नुसतं दुकान सांभाळायला नको. भोपळा कापणं, दांडी घासणं, पॉलिश यातच पहिली काही वर्षं जातात आणि जवारी सगळ्यात शेवटी हातात येते, अशी आपल्याकडची रीत. मिस्टरांना सांगा, यंदा ती रीत मोडा. जुनी, टाकून दिलेली घोडी त्याच्या हातात द्या, बिघडली तरी बिघडू द्या. आणि कान तयार व्हायला गाणं शिकलंच पाहिजे, यात तडजोड नको. गांधर्व महाविद्यालय मंडळ तुमच्या गावातच आहे. प्रारंभिकपासून परीक्षा देत गेला तर गिऱ्हाईकाशी सुरांच्या भाषेत बोलेल.

पदवी सोडू नका. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. काम करता करता होतं. तुमच्या धंद्यात पैसा अडतो तो कारागिरीत नव्हे, विक्रीत. बाहेरगावचा दुकानदार आपलं लेबल लावून विकतो आणि बनवणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथंच उपयोगी पडेल. मात्र मानांकन गावाला मिळालं म्हणून ते आपोआप तुमच्या दुकानाला लागू होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. मिस्टरांची झालीय का, हे याच आठवड्यात बघा. नसेल तर तो अर्ज मुलालाच भरायला लावा.

विमानानं जाणाऱ्या गवयांना भोपळा फुटायची धास्ती असते, म्हणून ते लहान, चपटी तानपुरी मागतात. काही जुने कारागीर तिला वाद्यच मानत नाहीत. त्यांचा मान ठेवून सांगतो, ती बनवायला मुलानं शिकावं.

एक गोष्ट मात्र तपासा. त्याला हे काम आवडतंय की बारावीचं फिजिक्स नकोय? परीक्षा संपली की दोन महिने रोज सकाळी आठला दुकानात जाऊ द्या, पगार नाही, मोबाईल घरी. जूनमध्येही तो स्वतःहून उठून जात असेल, तर पुढचं पत्र मला त्याच्या वडिलांनी लिहावं. त्यांच्याशी मला जवारीबद्दल बोलायचं आहे.