नागपुरात रोज ऑफिसला चालणाऱ्या कारला ब्रेक पॅड कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

कंपनीचेच घ्या, नाहीतर बॉशसारख्या नामांकित मेकचे, तुमच्या मॉडेल-वर्षाचा पार्ट नंबर जुळवून. वर्धा रोडच्या सिग्नल-टू-सिग्नल ट्रॅफिकला छिद्रांच्या महागड्या डिस्क (पॅड ज्यांना दाबून चाक थांबवतात त्या चकत्या) लागत नाहीत. पॅडचं घासणारं अस्तर 3 मिमीवर आलं की पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेली असेल तर लेथवर घासून वापरू नका, जोडीच बदला. आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायला मेकॅनिकला सांगाच! पिन अडकली की एक पॅड लवकर झिजतो आणि दोष बिचाऱ्या पॅडवर येतो. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर त्यांचे शू (ड्रमला आतून घासणारे भाग) वेगळे तपासावे लागतील.