प्रोग्रामशिवाय चालणाऱ्या छोट्या रोबोसाठी ॲनालॉग न्यूरॉन सर्किटमध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर कसे निवडावेत?

आधी हिशेब सांगून टाकतो. प्रोग्रामशिवाय चालणारे रोबो बनवणाऱ्या मार्क टिल्डन यांच्या पद्धतीच्या न्यूरॉनमध्ये (एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि एक इन्व्हर्टर, म्हणजे इनपुटच्या उलट आउटपुट देणारा भाग) इनपुटचे व्होल्टेज वर गेले की इन्व्हर्टरचे आउटपुट खाली येते आणि रेझिस्टरमधून आतले व्होल्टेज ओसरून उंबरठ्याखाली (इन्व्हर्टर पलटतो त्या व्होल्टेजखाली) जाईपर्यंत खालीच राहते. ते पुन्हा वर चढते तेव्हा पुढच्या न्यूरॉनची पाळी येते. असे आठ इन्व्हर्टर असलेल्या ७४एचसी२४० या आयसीचा उंबरठा पुरवठ्याच्या साधारण निम्म्यावर असल्यामुळे हा काळ आर (रेझिस्टर) गुणिले सीच्या (कपॅसिटर) ०.६९ पट धरावा. ०.२२ मायक्रोफॅरड आणि ४.७ मेगाओम घेतल्यास सुमारे ०.७ सेकंद मिळतात आणि गिअर लावलेल्या मोटरच्या पायाला तेवढे पुरतात.

मात्र हे कागदावरचे उत्तर झाले. बाहेरच्या आकृत्यांत मेगाओमचे रेझिस्टर सर्रास दिसतात आणि कोकणात घात होतो तो नेमका तिथेच. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ होड्यांवरचे वायरलेस आणि मासे शोधण्याची यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे खारी हवा सर्किटचे काय करते ते रोज पाहतो. माझ्या पुतणीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार पायांचा रोबो केला, तो ऐन श्रावणात पाऊल टाकायचे सोडून नुसता थरथरू लागला. सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सवर (सोल्डर नीट बसावे म्हणून वापरायच्या चिकट पदार्थावर) मिठाचा ओलसर थर बसला की आयसीच्या एका पिनेतून दुसरीकडे प्रवाह झिरपतो. ही गळती ४.७ मेगाओमइतकी झाली, तरी न्यूरॉनचा काळ निम्म्यावर येतो. तिने केस वाळवायच्या यंत्राने बोर्डावर गरम हवा मारली, तेव्हा पाय हळूहळू मूळ ठेक्यावर आले आणि घटकाभराने पुन्हा थरथरू लागले. मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतला, वर वॉर्निशचा हात दिला आणि किमतीच बदलल्या: १ मेगाओम आणि १ मायक्रोफॅरड. काळ तोच राहतो, पण गळतीचा परिणाम बराच कमी होतो. कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्यावा. इलेक्ट्रोलायटिक स्वतःच गळतो.

पुढे प्रदर्शनात परीक्षक आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘याचा प्रोग्राम कुठे आहे?’ प्रोग्राम नाही, असे तिने सांगताच ‘मग हा रोबो नव्हे, खेळणे आहे’ असा शेरा मारून ते शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथे तयार कोड चढवलेली आर्डुइनोची (प्रोग्रामवर चालणाऱ्या छोट्या बोर्डाची) गाडी गोल फिरत होती. इकडे पुतणीचा रोबो जांभ्याच्या चिऱ्याच्या कडेला पाय अडकूनही दोन-तीन हिसक्यांत स्वतःला सोडवून घेत होता, कारण अडलेली मोटर जास्त प्रवाह ओढते, बॅटरीचे व्होल्टेज बसते आणि ठेकाच बदलतो. ते पाहायला परीक्षक थांबलेच नाहीत. मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये केलेली यांत्रिक कासवे दोन-दोन व्हॉल्व्हांवर (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांवर) उजेडाच्या दिशेने जात असत. त्यांतही प्रोग्राम नव्हता आणि त्यांना खेळणी म्हणून कोणी मोडीत काढलेले नाही. ज्याला प्रत्येक गोष्टीत कोड शोधावासा वाटतो, त्याने चालणाऱ्या यंत्रांचे परीक्षण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात मोजणे, लक्षात ठेवणे किंवा ठरलेल्या जागी जाणे हवे असेल, तर मायक्रोकंट्रोलरच घ्यावा. न्यूरॉनच्या साखळीकडून ते होणार नाही. आयसी घेताना ‘एचसी’ हीच अक्षरे पाहून घ्यावीत. दुकानदार ‘एचसीटी’ हातात देतो, पण त्याचा उंबरठा बराच खाली असल्याने ५ व्होल्टवर काळ जवळपास दुप्पट होतो. न वापरलेली इनपुट मोकळी सोडू नयेत.

आणि आपलाही रोबो प्रदर्शनात जाणार असेल, तर १ मायक्रोफॅरडबरोबर ४७० किलोओमचा रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत १ मेगाओमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावावा. काळ ०.३ पासून १ सेकंदापर्यंत हवा तसा बदलता येतो. परीक्षकांनी प्रोग्राम मागितला, तर त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यावा आणि चाल त्यांनाच बदलू द्यावी.