तीन पानांच्या पत्रात मुलाचं एकही वाक्य नाही

प्रश्न : मुलगा नागपुरातच कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, बॅक राहिला आहे; तो विषय अजून सुटलेला नाही. रात्र रात्र जागून ‘ज्युलिया’ नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मॅक्रो लिहीत बसतो. एक्सचा वर्ग अधिक ३ एक्स असं टाकलं की डेरिव्हेटिव्हचा (विकलनाचा) प्रोग्रॅम आपोआप तयार होतो, म्हणे. मॅक्रो तर आमच्या ऑफिसातले क्लार्कही एक्सेलमध्ये करतात! शेवटी लॅपटॉप काढून घेतला. गेट, एमपीएससी की बँकिंग, काय करायला लावू?
– एक पालक, मानेवाडा

उत्तर : तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे, वर त्याचा सारांश दिलाय. त्यात पुण्याच्या पुतण्याचं पॅकेज दोनदा आलंय, नातेवाईक काय विचारतात तेही आलंय. तुमचा मुलगा काय म्हणतो, ते मात्र कुठेच नाही. त्याच्या बॅकपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. लॅपटॉप आजच परत द्या. कॉम्प्युटरच्या मुलाने प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट कशावर करायचे? आणि घरात आपलं काम दाखवलं की ते हिसकावलं जातं, हे एकदा कळलं की मुलं दाखवणंच बंद करतात. पुढचा बॅक लागला तर तो तुम्हाला कळणारही नाही.

आता मॅक्रोबद्दल. एक्सेलचा रेकॉर्ड केलेला मॅक्रो तुम्ही केलेल्या कृती लक्षात ठेवतो आणि पुन्हा करून दाखवतो. तुमचा मुलगा करतोय ते वेगळं आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला मॅक्रो म्हणजे कोड तयार करून देणारा कोड, आणि त्यातही प्रकार आहेत. सी भाषेतला मॅक्रो नुसती मजकुराची अदलाबदल करतो. ‘स्क्वेअर’ म्हणजे एक्स गुणिले एक्स असं कंस न घालता लिहून ठेवलं आणि त्यात २+३ दिलं, तर २+३×२+३ होऊन उत्तर २५ ऐवजी ११ येतं. ज्युलियात मॅक्रोच्या हातात मजकूर पडत नाही, अख्खं एक्स्प्रेशन, म्हणजे लिहिलेलं सूत्र, झाडासारखं उलगडून मिळतं : वर अधिकचं चिन्ह, खाली एका फांदीवर एक्सचा वर्ग, दुसरीवर ३ एक्स. प्रत्येक फांदीला डेरिव्हेटिव्हचा नियम लावून २ एक्स अधिक ३ असं नवं एक्स्प्रेशन रचायचं आणि मूळच्या जागी ठेवायचं. हे सगळं प्रोग्रॅम चालण्याआधीच होतं. लिस्प भाषेत मॅक्रो १९६३ मध्ये आले, तेव्हापासूनची ही परंपरा. ज्युलिया २०१२ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या चार निर्मात्यांपैकी एक, विरल शाह, भारतीय आहेत. क्लार्कच्या कामाशी याची तुलना करू नका.

हे करणारा मुलगा गणितात कच्चा असेल, असं मला वाटत नाही. डेरिव्हेटिव्हचे नियम कळल्याशिवाय असा मॅक्रो लिहिताच येत नाही. एम-थ्रीत त्याचा सराव कमी पडलाय, आणि हे मी त्यालाही स्पष्ट सांगेन. बॅक शिल्लक असेल तर कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दारातूनच परत पाठवतात. तेव्हा या सत्रात एम-थ्री आधी, मॅक्रो नंतर. शिवाय जिथे साध्या फंक्शनने भागतं तिथे मॅक्रो लिहायचा नाही. मॅक्रोतली चूक शोधताना दुसऱ्याच्या नाकी नऊ येतात.

गेटमध्ये कंपायलर डिझाइन (कोडचं यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम कसे बनवायचे, हा विषय) आहेच, त्यामुळे द्यायची असेल तर त्याने जरूर द्यावी. एमपीएससी आणि बँकिंग त्याला स्वतःला हवं असेल तरच. ‘मॅक्रो लिहिणारा पाहिजे’ अशी जाहिरात नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी क्षेत्रात काय, कुठेच दिसणार नाही. हे कौशल्य कंपायलर, डेटाबेसमधून माहिती शोधून देणारी क्वेरी इंजिनं, सायंटिफिक कॉम्प्युटिंग अशा कामांत लागतं. तिथल्या जागा थोड्या असतात आणि केलेलं काम दाखवावं लागतं. म्हणून त्याने आपला कोड टेस्ट आणि माहितीसह गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर टाकावा, ज्युलियाच्या एखाद्या पॅकेजमधली छोटी चूक दुरुस्त करून पाठवावी. पुढे ‘गूगल समर ऑफ कोड’ या ओपन सोर्स कामाच्या उपक्रमासाठी अर्ज करता येईल, तिथे कामाचं मानधनही मिळतं.

यापुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका. साइन किंवा लॉग आला तर त्याचा मॅक्रो काय करतो, आणि एम-थ्रीत नेमका कुठला भाग अडला, एवढं त्याने कळवलं तरी मला पुढचं सांगता येईल.