टांझानियाला निघण्यापूर्वी

येत्या जानेवारीत टांझानियातले शालेय वर्ष सुरू होईल, तेव्हा तू ठाण्यापासून फार दूर एका वर्गात उभी असशील, म्हणून तिथे चार वर्षे शिकवलेल्या तुझ्या मावशीचे हे सांगणे. सर्वांत आधी स्वाहिली शीक. माध्यमिक शाळेचे माध्यम इंग्रजी असले, तरी सरकारी प्राथमिक शाळांतून आलेली मुले स्वाहिलीतच शिकलेली असतात आणि रडताना, प्रार्थना करताना तीच भाषा त्यांच्या ओठी येते. तिथे तासही सूर्योदयापासून मोजतात; सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा म्बिली’, म्हणजे दुसरा तास, हे ऐकून मी एका विद्यार्थ्याच्या घरी दुपारी दोनला पोहोचले, आणि सकाळी आठपासून चहा करून वाट पाहणाऱ्या त्याच्या आईचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ हे आदराचे अभिवादन म्हणायला चुकू नकोस.

मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेतून मुंबईत आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरात देह ठेवीपर्यंत इथल्या मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. आपण आज जातो ते त्याच ऋणातून, असे मी मनापासून मानते. मात्र तू शिक्षिका म्हणून जात आहेस, तेव्हा उपदेशाआधी उद्याचा धडा नीट तयार कर.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरची आठवण असह्य होईल. आपली घड्याळे अडीच तास पुढे आहेत, हे लक्षात ठेवून रविवारी उपासनेनंतर फोन कर. मच्छरदाणी मात्र पहिल्या रात्रीपासून लाव.