घड्याळ गोल दिसायला हवं

मागच्या अंकात जुन्या ब्रिटिश चित्रपट-मालिकांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा खच पडला. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, पण काही प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. ते घेते: आधी पत्र, खाली माझं उत्तर.

ताई, मी आणि हे दोघं मिळून ‘डॅड्ज आर्मी’ ही युद्धकाळातल्या गावरक्षक दलाची जुनी विनोदी मालिका बघायला बसलो. नव्या मोठ्या टीव्हीवर माणसं बुटकी नि जाडी दिसतात. घरातला प्रसंग संपून मंडळी बाहेर पडली की चित्राची तऱ्हाच बदलते. मागचं हसूही खोटं वाटतं. डिस्क खराब आली आहे का?

डिस्क उत्तम आहे, टीव्हीला जरा समजवावं लागेल. त्या काळातलं चित्र चार-तीन मापाचं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आजचा पडदा सोळा-नऊचा. टीव्ही आपण होऊन चित्र दोन्ही बाजूंनी ताणतो आणि मालिकेतले कॅप्टन मॅनरिंग आहेत त्याहून गोल होतात. मेनूत चित्राचं माप ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्हीकडे काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. पट्टे घालवायला चित्र मोठं केलंत तर वरून डोकी आणि खालून हात कापले जातात, आणि या नटांची निम्मी करामत हातांत असते. माझी एक खूण आहे. पडद्यावर पहिलं घड्याळ, बशी किंवा मोटारीचं चाक दिसलं की ते गोल आहे का ते बघते. लांबट दिसलं तर रिमोट हातात घेते.

दुसरं, टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं, पण बहुतेक नावांत ‘मोशन’ असतं. ती बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि ही सोय मधली चित्रं स्वतः रचून घुसडते.

घरात एक, बाहेर एक असं दिसतं ते मात्र खरंच तसं आहे. तेव्हा स्टुडिओतले प्रसंग इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने व्हिडिओटेपवर घेत. ते कॅमेरे अवजड, त्यांच्या केबलीही जाड. बाहेर जायचं तर १६ मिलिमीटरची फिल्म वापरत. म्हणून कॅप्टनच्या बँकेचं ऑफिस लख्ख आणि गुळगुळीत, तर शेतातली कवायत दाणेदार नि मऊ. ती बाहेरची दृश्यं नॉरफोकमधल्या थेटफर्डच्या आसपास आधीच चित्रित होत, आणि मग स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांना दाखवली जात. तुम्हाला ऐकू येतं ते त्या प्रेक्षकांचं हसू. नीट कान दिलात तर कळेल की नट हशा ओसरेपर्यंत थांबतात, नाटकात थांबतात तसे. मला तर ते थांबणंच फार आवडतं.

इंग्रजी बरं आहे माझं, तरी निम्मे संवाद डोक्यावरून जातात. सुरुवात कुठून करू?

ईलिंगपासून करा. पश्चिम लंडनमधल्या या स्टुडिओचे तीन चित्रपट एकाच वर्षी, १९४९ मध्ये आले: ‘पासपोर्ट टू पिम्लिको’, ‘व्हिस्की गलोर!’ आणि ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’. तिसऱ्यात अ‍ॅलेक गिनेस यांनी एकाच घराण्यातली आठ माणसं उभी केली आहेत, त्यांत एक बाईही आहे. पण पहिला पिम्लिकोच बघा.

युद्धातला एक न फुटलेला बॉम्ब फुटतो, खड्ड्यात खजिना आणि जुना दस्तऐवज सापडतो, आणि लंडनची पिम्लिको ही वस्ती कायद्याने बर्गंडी या फ्रान्समधल्या जुन्या राज्याची निघते. म्हणजे ब्रिटनचं रेशनिंग तिथे लागूच होत नाही! यातली गंमत कळायला एकच गोष्ट ठाऊक हवी. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० ला सुरू झालेलं अन्नाचं रेशनिंग जुलै १९५४ पर्यंत चाललं. युद्ध जिंकून चार वर्षं झाली होती आणि थिएटरात बसलेल्या माणसाच्या घरी अजून रेशनचं पुस्तक होतं. पुढे सरकार वस्तीची नाकेबंदी करतं आणि लंडनची साधी माणसं कुंपणापलीकडून आत खाण्याच्या वस्तू फेकतात. तो प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी गळा दाटून येतो. ज्यांना स्वतःलाच मोजून मिळतंय, ती माणसं फेकत आहेत.

संवादांसाठी इंग्रजी सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही. माझ्या बाबांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा आम्ही ती लावली, आणि वर्षानुवर्षं मी चुकीचं ऐकत होते असे कितीतरी शब्द तेव्हा कळले. ‘केस’ हा १९६९ चा चित्रपट यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या बोलीत आहे. ती बोली खुद्द लंडनच्या माणसालाही जड जाते, तिथे आपण का लाजायचं?

एक छोटी वही जवळ ठेवा. माझ्या वहीचं पहिलं पान पैशांचं आहे: १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पाउंड, ‘बॉब’ म्हणजे शिलिंग, ‘क्विड’ म्हणजे पाउंड, ‘हाफ क्राउन’ म्हणजे अडीच शिलिंग, गिनी म्हणजे २१ शिलिंग. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली आणि हा हिशेब संपला. दुसऱ्या पानावर टेलिफोनची पेटी आहे. नाणी टाकायची, नंबर फिरवायचा, पलीकडून आवाज आला की ‘ए’ बटण दाबायचं, मगच तुमचं बोलणं पलीकडे पोचतं. कुणी उचललंच नाही तर ‘बी’ दाबून नाणी परत. हे माहीत असेल तर घाबरलेलं पात्र त्या लाल पेटीत नेमकं काय करतंय ते कळतं, आणि त्याने ‘बी’ दाबलं की आपल्यालाही निराशा जाणवते.

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ची १९७९ ची हेरकथा-मालिका तुम्ही सुचवलीत. पहिल्या भागात काहीच घडत नाही. झोप आली.

मग रात्री जेवणानंतर बघू नका. दुपारी बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. अगदी सुरुवातीचं दृश्य पुन्हा लावा. बैठकीच्या खोलीत चार माणसं एकेक करून येतात आणि बराच वेळ कुणी अवाक्षर काढत नाही. कोण कागद घेऊन येतो, कोण कसा बसतो, आणि शेवटी येणाऱ्याने चहाच्या कपावर बशी कशी झाकून आणली आहे, हे बघा. चौघांचे स्वभाव तिथेच सांगून झाले आहेत. मालिकेचे सात भाग आहेत. आठवड्याला एकच बघा, कारण ती तशीच दाखवली गेली होती. लागोपाठ बघून तिची चव जाते.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचे सुरुवातीचे बरेच भाग मिळतच नाहीत. कुठे गेले?

पुसले गेले. लिहितानाही वाईट वाटतं. त्या काळी व्हिडिओटेप महाग होती आणि तीच पुन्हा वापरता येई. घरी टेप लावून बघण्याची सोय नव्हती, कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावरही मर्यादा होत्या. मग जुना भाग ठेवायचा कशाला, असं वाटणाऱ्यांनी तो पुसून नवा भरला. बीबीसीचं हे धोरण १९७८ च्या सुमाराला बदललं. जे वाचलं त्यातलं पुष्कळसं परदेशी विक्रीमुळे वाचलं. विक्रीसाठी पडद्यावरचं चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपून १६ मिलिमीटरच्या प्रती काढत आणि त्या देशोदेशी जात. २०१३ मध्ये असे नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचं जाहीर झालं. एका टीव्ही केंद्राच्या कोठीत ते इतकी वर्षं पडून होते. ‘डॅड्ज आर्मी’च्या दुसऱ्या वर्षातले तीन भाग मात्र अजूनही गहाळ आहेत.

‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ १९७१ ची, मग पहिले काही भाग काळे-पांढरे का?

पगाराच्या वादामुळे आयटीव्ही या खाजगी वाहिनीच्या तंत्रज्ञांनी तेव्हा काही महिने रंगीत यंत्रांवर काम करायला नकार दिला होता. ते भाग त्याच महिन्यांतले. मालिका नोकरवर्गाची आणि मालकवर्गाची, त्यामुळे मला ते काळे-पांढरे भाग जास्तच जवळचे वाटतात.

माझी मुलगी वीस वर्षांची आहे. ती म्हणते, या जुन्या गोष्टींत आपल्यासारख्यांची थट्टा असते, तुम्ही हे बघताच कसे?

तिचं म्हणणं मनावर घ्या. ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर १९५८ पासून १९७८ पर्यंत चालला, आणि त्यात गोरे गायक चेहऱ्याला काळा रंग फासून गात. मी तो बघत नाही, कुणाला सुचवतही नाही. पण सगळं एका दोरीत ओवू नका. १९४७ चा ‘ब्लॅक नार्सिसस’ घ्या. हिमालयातल्या ख्रिस्ती नन्सच्या मठाची गोष्ट, आणि ती सगळी इंग्लंडमध्ये चित्रित झाली. पाइनवुड स्टुडिओतले सेट, आणि दऱ्या नि शिखरं काचेवर रंगवलेली. छायालेखक जॅक कार्डिफ यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते एकेका चौकटीला मिळायला हवं होतं असं मला वाटतं. त्याच चित्रपटात जीन सिमन्स या इंग्लिश अभिनेत्रीला गव्हाळ रंग लावून भारतीय मुलगी केलं आहे, शेजारी म्हैसूरकडचा नट साबू खराखुरा उभा असताना. ते मला आजही सलतं. मुलीला बरोबर घेऊन बसा, जिथे सलेल तिथे थांबवा आणि बोला. आमच्या घरी असं थांबवून झालेलं बोलणं चित्रपटापेक्षा लांबलं आहे, आणि मला ते हवं होतं.

आई ऐंशीची आहे. डोळे लवकर थकतात. तिच्याबरोबर बघायला एकच चित्रपट सांगा.

‘ब्रीफ एन्काउंटर’, १९४५. दीड तासाच्या आत संपतो. एका विवाहित बाईच्या डोळ्यात आगगाडीच्या धुरातला कण जातो, स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत एक डॉक्टर तो काढतो, आणि दर गुरुवारी दोघं भेटू लागतात. बाकी जे घडतं ते सगळं ती बाई झालेल्या सेलिया जॉन्सनच्या डोळ्यांत. स्टेशन आहे लँकशरमधलं कार्नफोर्थ. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथे रात्री चित्रीकरण केलं, कारण युद्ध चालू होतं आणि एवढे दिवे लावायला लंडनपासून दूरची जागा हवी होती. चहाची खोली मात्र डेनहॅमच्या स्टुडिओत बांधली होती.

आईला आवाज थोडा मोठा करून द्या, रॅचमॅनिनॉफचा पियानो आहे. आणि सुरू करण्याआधी पडद्याचं माप तपासा. प्लॅटफॉर्मवर एक मोठं घड्याळ दिसेल, आजही ते कार्नफोर्थला आहे. ते गोल दिसलं की मग रिमोट खाली ठेवा.